वय बघून ऑपरेशन? लघवीच्या मार्गाचा कॅन्सर आणि एका आकड्याची दीडशे वर्षं

लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा. आणि ऐकायच्या ऐवजी वाचत असाल, तर हा भाग तुमच्यासाठी जसाच्या तसा लिहून काढलाय, थोडीफार साफसफाई करून.

आजचा विषय ऐकून काही जण पुढचा भाग लावतील याची मला कल्पना आहे. किडनी, युरेटर आणि लघवीच्या पिशवीचा कॅन्सर, त्याचं ऑपरेशन आणि रुग्णाचं वय. पंचविशीतल्या माणसाने हे का ऐकायचं? कारण घरात आजोबांना किंवा आजीला असं काही निघालं की रिपोर्ट आधी तुमच्याच फोनवर येतो. पीडीएफ तुम्हीच उघडता आणि अवघड शब्द तुम्हीच गूगल करता. मग रात्री हॉलमध्ये सगळे जमतात आणि दोनच वाक्यं फिरत राहतात. एक काका म्हणतात, "आता या वयात कशाला चिरफाड?" दुसरे म्हणतात, "वयाचं काय घेऊन बसलात, जे लागेल ते करू." दोघांचीही माया खरी असते. पण दोघंही एकाच आकड्याभोवती बोलत असतात: जन्मतारखेपासून आजपर्यंतची वर्षं.

मी डॉक्टर नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. त्यामुळे या भागातून कोणी उपचार ठरवू नका. पण एखाद्या सिस्टिममध्ये सगळे निर्णय एकाच आकड्यावर होत असतील, तर तो आकडा तिथे कुठून आला हे खणून बघायची मला सवय आहे. आज तेच करूया.

आधी नकाशा

दोन किडन्या रक्त गाळून लघवी तयार करतात. प्रत्येक किडनीतून एक बारीक नळी खाली येते, ती मूत्रवाहिनी म्हणजे युरेटर. दोन्ही नळ्या खाली लघवीच्या पिशवीत, म्हणजे मूत्राशयात उघडतात. किडनीच्या आतल्या ज्या पोकळीत लघवी जमते, तिथून ते थेट पिशवीपर्यंत आतून एकच अस्तर असतं. लघवीतली विषारी द्रव्यं या अस्तराला रोज धुवून जातात, वर्षानुवर्षं.

या 'वर्षानुवर्षं'मध्येच वयाचा पहिला धागा आहे. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी रंगांच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये लघवीच्या पिशवीच्या गाठी आढळल्याचं मांडलं. हे कामगार फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनवायचे. (हेच रेन पुढच्या वर्षी एका माणसाच्या जखमी हृदयाला टाके घालून वैद्यकाच्या इतिहासात गेले, पण तो वेगळा एपिसोड होईल.) पुढच्या काळात लक्षात आलं की रसायनाशी संबंध आल्यापासून गाठ दिसेपर्यंत अनेकदा वीस-वीस वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो. तंबाखूचंही तसंच. पिशवीच्या कॅन्सरच्या साधारण निम्म्या केसेसमागे धूम्रपान असतं. धूर फुफ्फुसात जातो, पण त्यातली रसायनं रक्तातून किडनीत आणि तिथून पिशवीत येऊन थांबतात.

म्हणून हा आजार मुळातच उतारवयाचा. अमेरिकेत पिशवीचा कॅन्सर सापडतो तेव्हा रुग्णाचं सरासरी वय ७३ असतं, आणि दहापैकी नऊ रुग्ण पंचावन्नच्या पुढचे असतात. आता गंमत बघा. ज्या आजाराचा नेहमीचा रुग्णच सत्तरीतला, त्या आजारात "सत्तरी झाली, आता ऑपरेशन नको" हा नियम लावला तर निम्मी ओपीडी दारातूनच परत जाईल.

पहिली किडनी, पहिली पिशवी

२ ऑगस्ट १८६९. जर्मनीतलं हायडेलबर्ग. गुस्टाव्ह सिमोन नावाच्या सर्जनने चाळिशीतल्या एका बाईची एक किडनी ठरवून काढली. तिला कॅन्सर नव्हता. आधीच्या एका ऑपरेशनमध्ये तिच्या युरेटरला इजा झाली होती आणि लघवी सतत गळत होती. माणूस एका किडनीवर जगू शकतो का, हे तेव्हा कोणालाच नक्की माहीत नव्हतं. सिमोन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले, मग हे धाडस केलं. ती बाई वाचली.

या एका ऑपरेशनने एक मोठी कल्पना दिली: शरीरात राखीव साठा असतो. एक किडनी गेली तरी दुसरी गाडा ओढते. हा राखीव साठा लक्षात ठेवा, वयाची सगळी भानगड पुढे याच शब्दाभोवती फिरणार आहे.

लघवीची पिशवी काढणं त्याहून अवघड निघालं. १८८७ मध्ये कोलोनमध्ये बर्नहार्ड बार्डनहॉयर यांनी गाठीसाठी संपूर्ण पिशवी काढली. अशा प्रकारचं हे पहिलं ऑपरेशन मानतात. रुग्ण दोन आठवड्यांत गेला. अडचण फक्त कापण्याची नव्हती. पिशवी काढली तर लघवी जाणार कुठे? दुसऱ्या किडनीसारखी दुसरी पिशवी काही आपल्याकडे नसते.

मग बराच काळ एक युक्ती चालली: दोन्ही युरेटर मोठ्या आतड्यात जोडायचे, म्हणजे लघवी आणि शौच एकाच वाटेने. कागदावर सुटसुटीत, पण शरीरात महाग. आतड्यातले जंतू वर किडनीत चढायचे. शिवाय आतडं लघवीतले क्षार पुन्हा रक्तात शोषून घ्यायचं, रक्तातलं आम्ल वाढायचं. १९५० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की असं ऑपरेशन झालेल्या बहुतेकांच्या रक्तात हा बिघाड सापडतो.

इथे वय कसं आडवं येतं बघा. किडनीचा साठा मजबूत असेल तर जास्तीचं आम्ल ती बाहेर टाकते. म्हाताऱ्या, दमलेल्या किडनीला ते झेपत नाही. म्हणजे त्या काळच्या सर्जनला "म्हाताऱ्या रुग्णांना हे सोसत नाही" असं वाटलं, तर ते अगदीच चूक नव्हतं. फक्त दोष वयाचा होता की पद्धतीचा, हा प्रश्न बाकी होता.

त्याच १९५० साली सेंट लुईस शहरातले युजीन ब्रिकर यांनी दुसरी वाट लिहून मांडली. लहान आतड्याचा वीतभर तुकडा वेगळा करायचा, युरेटर त्याला जोडायचे आणि त्याचं दुसरं तोंड पोटावर उघडायचं. बाहेर एक पिशवी चिकटवायची, त्यात लघवी जमते. या तुकड्यात लघवी साठून राहत नाही, वाहून जाते, त्यामुळे शोषली जाण्याचा प्रश्न बराच कमी होतो. आज पंच्याहत्तर वर्षांनंतरही ही पद्धत जगभर वापरात आहे. रुग्णांचं वय तेच राहिलं, पद्धत बदलली, आणि काल ज्याला नकार मिळाला असता तो उद्या टेबलवर जाऊ शकला.

फॉर्मवर वयाचा रकानाच नाही

आता जरा बाजूच्या गल्लीत जाऊ, कारण म्हातारपणाकडे बघायची नजर सर्जन लोकांच्या बाहेरही बदलत होती.

१९०९ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर इग्नाट्झ नाशर यांनी 'जेरियाट्रिक्स' हा शब्द मांडला. लहान मुलांसाठी बालरोगशास्त्र आहे, तसं म्हाताऱ्यांसाठी वेगळं शास्त्र हवं, असं त्यांचं म्हणणं. १९३५ नंतर लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये मार्जरी वॉरेन नावाच्या डॉक्टर बाईंच्या ताब्यात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचे वॉर्ड आले. 'आता हे असेच पडून राहणार' असं ठरवून ठेवलेली माणसं होती ती. वॉरेन यांनी एकेकाला नीट तपासलं, वर्गवारी केली, व्यायाम सुरू केले. त्यातले कितीतरी जण उठून चालू लागले, काही घरी गेले. 'वय झालंय' या शिक्क्याखाली कितीतरी बरे होणारे आजार दबलेले होते.

आणि १९४१. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने तीन डॉक्टरांना काम दिलं की ऑपरेशनआधी रुग्णाची अवस्था नोंदवायची एक ठरावीक पद्धत बनवा. त्यातून 'एएसए' नावाची श्रेणी आली. ती आजही वापरतात. तुमच्या घरात कोणाचं ऑपरेशन झालं असेल तर भुलीच्या कागदावर 'एएसए १', 'एएसए २' असं कुठेतरी दिसेल. निरोगी असेल तर एक, सौम्य आजार असेल तर दोन, गंभीर असेल तर तीन, अशी ती चढत जाते. या श्रेणीच्या व्याख्येत वय नाही! ऐंशी वर्षांचा टणक माणूस दोनमध्ये बसू शकतो आणि चाळिशीतला, हृदय खिळखिळं झालेला माणूस चारमध्ये.

म्हणजे शहाणपण १९४१ पासून कागदावर होतं. ते हॉलमधल्या चर्चेपर्यंत पोचायला वेळ लागतोय, इतकंच.

हम्फ्री यांची नऊ वर्षं

आता एका प्रसिद्ध रुग्णाची गोष्ट. ह्यूबर्ट हम्फ्री, अमेरिकेचे उपाध्यक्ष. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक निक्सन यांच्याविरुद्ध थोडक्यात हरले. त्यांच्या लघवीतून रक्त जायला लागलं ते १९६७ मध्ये. पुढे तपासण्या होत राहिल्या, नंतर रेडिएशनही झालं. ऑक्टोबर १९७६ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग हॉस्पिटलमध्ये त्यांची लघवीची पिशवी काढली. १३ जानेवारी १९७८ ला ते गेले.

गोष्ट इथे संपत नाही. त्यांचा १९६७ चा लघवीचा नमुना जपून ठेवलेला होता. १९९४ मध्ये संशोधकांनी तो नव्या जनुकीय तंत्राने तपासला. नऊ वर्षांनी काढलेल्या गाठीत पी-५३ या जनुकात जो बिघाड होता, तोच त्या जुन्या नमुन्यातही सापडला.

याचा वयाशी काय संबंध? आपण 'रुग्णाचं वय' मोजतो तेव्हा 'गाठीचं वय' मोजायला विसरतो. पिशवीच्या स्नायूत शिरलेल्या कॅन्सरमध्ये निदानापासून ऑपरेशनपर्यंत बारा आठवड्यांहून जास्त उशीर झाला तर निकाल बिघडतात, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं. आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत उशीर घरातच सुरू होतो. लघवी लाल दिसली की "उन्हाळी लागली असेल, धण्याचं पाणी दे". बाईमाणूस असेल तर "इन्फेक्शन असेल". पुरुष असेल तर "प्रोस्टेटचं असणार, या वयात होतंच". यातलं काहीही असू शकतं, नाही असं नाही. पण न दुखता लघवीतून रक्त जाणं ही तपासून घ्यायचीच गोष्ट आहे, एकदाच दिसलं आणि थांबलं तरीही. नाहीतर तीन-चार महिने असेच जातात, आणि मग जो निकाल येतो त्याचं खापर आपण वयावर फोडतो.

पंच्याऐंशी वर्षांच्या आजी

२५ जून १९९०. पुन्हा सेंट लुईस, ब्रिकर यांचंच गाव. राल्फ क्लेमन आणि त्यांची टीम एक असं ऑपरेशन करायला निघाली होती जे आधी कोणी केलंच नव्हतं: पोट न फाडता, छोट्या छिद्रांतून दुर्बीण घालून अख्खी किडनी काढायची. आता सांगा, जगात पहिल्यांदाच होणाऱ्या ऑपरेशनसाठी तुम्ही कोणता रुग्ण निवडाल? धडधाकट, तरुण?

त्या दिवशी टेबलवर होत्या ८५ वर्षांच्या एक आजी. किडनीत सुमारे तीन सेंटिमीटरची गाठ होती. ऑपरेशन सुमारे सात तास चाललं. किडनी पोटातच एका पिशवीत भरली, तिथेच तिचे बारीक तुकडे केले आणि छिद्रातून बाहेर काढले. आजी सुखरूप बाहेर आल्या.

विचार केला की पटतं. मोठा छेद, फाटलेले स्नायू, खोल श्वास घ्यायला दुखणं, त्यातून न्यूमोनिया, अंथरुणात पडून पायात रक्ताच्या गुठळ्या, ही सगळी किंमत म्हाताऱ्या शरीराला सगळ्यात जास्त मोजावी लागते. म्हणून छोट्या छिद्रांचा फायदाही त्यांनाच जास्त.

पण या गोष्टीला शेपूट आहे. काढलेली गाठ तपासली तेव्हा ती ऑन्कोसायटोमा निघाली. म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ! स्कॅनवर ती कॅन्सरसारखीच दिसते, त्यामुळे तेव्हाच्या डॉक्टरांना दोष देता येत नाही. आज मात्र पंच्याऐंशीव्या वर्षी तीन सेंटिमीटरची गाठ सापडली तर बरेच डॉक्टर आधी बायॉप्सीचा विचार करतील किंवा म्हणतील, सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. किडनीतल्या अशा लहान गाठी सरासरी वर्षाला तीनेक मिलिमीटर वाढतात. त्या वेगाने धोका उभा राहायला जितका काळ लागेल, तितका काळ माणसाकडे आहे का, हा खरा हिशेब.

म्हणजे बघा, एकाच ऑपरेशनने दोन्ही काकांना उत्तर दिलं. "या वयात झेपणार नाही" म्हणणाऱ्याला सांगितलं, झेपतं. आणि "जे लागेल ते करू" म्हणणाऱ्याला विचारलं, पण लागेलच का?

एक प्रश्न, दोन उत्तरं

यानंतरच्या वर्षांत मोठमोठ्या हॉस्पिटलांनी आपापला डेटा उघडला. लॉस एंजेलिसमधल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या टीमने १९८४ मध्येच वृद्धांमध्ये पिशवी काढण्याचा अनुभव मांडला होता. १९९८ मध्ये त्यांनी ४०४ वृद्ध रुग्णांचा हिशेब दिला. निवडून घेतलेल्या रुग्णांमध्ये हे ऑपरेशन होऊ शकतं, असा त्याचा सूर. २००४ मध्ये ऐंशीच्या पुढच्या रुग्णांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की ज्यांच्यावर जोरकस उपचार झाले ते जास्त जगले. मग २००७ मध्ये अनेक केंद्रांच्या एकत्र डेटावरून उलट सूर आला: वय जास्त असेल तर पिशवी काढल्यानंतर कॅन्सरनेच मरण्याचं प्रमाणही जास्त.

माझी सगळ्यात आवडती जोडी याच्या पुढची आहे. युरेटर किंवा किडनीच्या पोकळीतला कॅन्सर असेल तर किडनी आणि युरेटर दोन्ही एकत्र काढतात. या ऑपरेशनवर २०१० मध्ये एक पेपर आला. अनेक केंद्रं, हजाराहून जास्त रुग्ण. शीर्षकाचा अर्थ असा: वाढलेलं वय आणि कॅन्सरमधून वाचण्याचं कमी प्रमाण यांचा संबंध आहे. २०११ मध्ये दुसरा पेपर आला. पुन्हा अनेक केंद्रं, हजाराहून जास्त रुग्ण. शीर्षकाचा अर्थ: जन्मतारखेवरचं वय हे निकालाचं स्वतंत्र भाकीत करत नाही.

मग खरं कोण? दोघंही. फरक एका रकान्याचा होता. दुसऱ्या अभ्यासात त्यांनी रुग्णाची 'परफॉर्मन्स स्टेटस' हिशेबात घेतली. माणूस स्वतःची कामं स्वतः करतो का, दिवसातला किती वेळ अंथरुणात असतो, याची शून्य ते पाच अशी ही साधी मोजणी. ती हिशेबात आली आणि वयाचा स्वतंत्र प्रभाव विरला.

डेटाशी खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल. वय हा 'प्रॉक्सी' होता. खरी माहिती हातात नव्हती, म्हणून तिच्या जागी ठेवलेला आकडा. पिनकोड बघून माणसाचा पगार ठरवण्यासारखं. सरासरीत बरोबर येतं, पण समोरच्या माणसाबद्दल सपशेल चुकू शकतं.

यात आणखी दोन छुपे सापळे आहेत. एक, ऐंशीच्या पुढे ऑपरेशन होतं ते बहुतेक त्यातल्या ठणठणीत लोकांचंच. त्यामुळे त्यांचे निकाल बघून "सगळ्याच ऐंशीच्या आजोबांना झेपेल" म्हणता येत नाही. दोन, म्हाताऱ्या रुग्णाला अनेकदा उपचारच कमी मिळतात: केमो टाळली जाते, लसिका ग्रंथी कमी काढल्या जातात. मग निकाल वाईट आला की आकडेवारीत नाव वयाचं लागतं, उपचार अर्धवट राहिल्याचं लागत नाही.

वय आत कुठून शिरतं

म्हणजे वयाला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि ते लपवणं म्हणजे फसवणूक होईल. पिशवी काढणं हे मोठंच ऑपरेशन आहे. मेमोरियल स्लोन केटरिंगच्या ११४२ रुग्णांचा हिशेब २००९ मध्ये छापून आला. इतक्या नावाजलेल्या ठिकाणीही पहिल्या ९० दिवसांत ६४ टक्के लोकांना लहान-मोठी काहीतरी गुंतागुंत झाली. मृत्यूचं प्रमाण ९० दिवसांत २.७ टक्के होतं. हे सगळ्या वयांचं मिळून. ऐंशीच्या पुढे धोका आणखी चढतो. ऑपरेशननंतर काही दिवस माणूस भ्रमात जाणं, हृदय आणि फुप्फुसाचे त्रास, घरी परत जाताना आधाराची गरज, हे सगळं वाढतं.

वय शरीरात शिरतं ते राखीव साठ्यातून. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण एका सूत्रात आहे. १९७६ मध्ये कॅनडाच्या कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोन डॉक्टरांनी २४९ रुग्णांच्या आकड्यांवरून किडनीची ताकद मोजायचं सूत्र काढलं: १४० मधून वय वजा करा, त्याला वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. वजन ६० किलो, क्रिएटिनिन १.२, वय ४५, पुरुष. उत्तर येतं ६६. आता फक्त वय ७५ करा. उत्तर ४५.

रक्ताचा रिपोर्ट तोच, किडनीची ताकद मात्र एक तृतीयांशाने कमी. आणि याने खूप काही बदलतं. २००३ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं की पिशवी काढण्याआधी सिस्प्लॅटिन असलेली केमो दिली तर आयुर्मान वाढतं: नुसत्या ऑपरेशनला ४६ महिने, केमोसह ७७, अशी मध्यम आकडेवारी. पण सिस्प्लॅटिन किडनीला जड जातं, म्हणून साधारण ६० च्या खाली ताकद असेल तर डॉक्टर ते द्यायला कचरतात. २०११ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने यादी केली की सिस्प्लॅटिनसाठी अयोग्य कोणाला म्हणायचं. त्यात किडनी आहे, ऐकू कमी येणं आहे, हातापायांच्या नसांचा त्रास आहे, हृदय कमकुवत असणं आहे, परफॉर्मन्स स्टेटस आहे. वय नाही.

मग मोजायचं काय?

२००१ मध्ये लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी पासष्टच्या पुढच्या ५३१७ लोकांवरून 'फ्रेल्टी' मोजायच्या पाच खुणा दिल्या. फ्रेल्टी म्हणजे आपण म्हणतो तसं, अंगातली उभारी जाणं. वर्षभरात आपोआप साडेचार किलोच्या वर वजन घटणं, सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं. पाचापैकी तीन असतील तर माणूस फ्रेल. २०१० मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या टीमने ५९४ वृद्ध रुग्णांवर दाखवलं की ऑपरेशनआधीची ही मोजणी पुढच्या गुंतागुंतीचा अंदाज देते.

याच्यासाठी एमआरआय लागत नाही. आजोबा भाजीची पिशवी उचलतात का, दोन जिने चढतात का, पूर्वी घट्ट झाकण उघडायचे ते आता तुम्हाला देतात का, हे तुम्हाला घरात रोज दिसतं. डॉक्टरला ते दहा मिनिटांत दिसत नाही. ही माहिती तुमच्याकडे आहे.

आणि यातलं काही सुधारता येतं. कोपनहेगनचे हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात ऑपरेशननंतर लवकर उठवणं, लवकर खायला देणं, वेदना नीट आवरणं अशी एकत्र पद्धत बसवली. ती आता या ऑपरेशनांनाही लागू होते. ऑपरेशनआधीच्या काही आठवड्यांत चालणं, प्रथिनं, सिगरेट-विडी बंद करणं यावरही भर असतो. जन्मतारीख बदलत नाही, पण साठा थोडा भरता येतो.

हॉस्पिटलचाही मोठा वाटा आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी विम्याच्या, म्हणजे ६५ च्या पुढच्याच, रुग्णांच्या १४ प्रकारच्या ऑपरेशनांचा अभ्यास आला. त्यात किडनी आणि पिशवी काढणंही होतं. जिथे ती ऑपरेशनं जास्त होतात तिथे मृत्यू कमी. सगळेच रुग्ण वयस्क, तरी दार बदललं की निकाल बदलला.

शिवाय ऑपरेशन हीच एक वाट नाही. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या ३६० रुग्णांच्या चाचणीत रेडिएशनसोबत केमो दिली, तेव्हा दोन वर्षांनी ६७ टक्के रुग्णांची पिशवी आणि आसपासचा भाग आजारमुक्त होता. नुसत्या रेडिएशनने ५४ टक्के. यातले रुग्ण बहुतेक सत्तरीच्या आसपासचे होते. म्हणजे "ऑपरेशन नको" याचा अर्थ "काहीच नको" असा होत नाही.

हॉलमधल्या चर्चेसाठी

म्हणून पुढच्या वेळी घरात "वय किती?" असा प्रश्न आला, तर आकडा सांगा, पण तिथे थांबू नका. डॉक्टरांना विचारा: गाठ कोणत्या टप्प्यात आहे, आणि काहीच केलं नाही तर काय होईल? किडनीची ताकद किती? एएसए श्रेणी कोणती? तुमच्याकडे वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात? रेडिएशनची वाट आहे का? ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी हे स्वतःचं स्वतः करू शकतील का?

आणि सगळ्यात आधी ज्यांचं शरीर आहे त्यांना विचारा. बऱ्याच घरांत आजोबांना शेवटी सांगतात, किंवा सांगतच नाहीत. एखाद्या आजीला पोटावरची पिशवी चालेल, कारण तिला नातीचं लग्न बघायचंय. एखादे आजोबा म्हणतील, मला चार वर्षं नकोत, दोनच द्या, पण सकाळी कट्ट्यावर जाता आलं पाहिजे. हे उत्तर कुठल्याही सूत्रातून येत नाही, आणि ते द्यायचा हक्क काकांनाही नाही, तुम्हालाही नाही.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली का होईना. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.